आधी मानाची हाक

माझं वय एकाहत्तर, तुमचं चाळीसही नाही. तरी मागच्या तारखेला भर कोर्टात मला 'काय गं लुव्हिनिया' म्हणालात. गोऱ्या पोरींना मात्र 'मिस'.

सरकारी वकीलसाहेब, नमस्कार.

मानानं हाक मारल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं म्हणणाऱ्या एका काळ्या बाईची शिक्षा वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टानं रद्द केली. पाद्रीबाबांकडून ती बातमी मी दोनदा वाचून घेतली, आणि हे पत्रही त्यांच्याच हातून लिहवून घेतेय.

सोमवारी माझ्या नातीचा खटला. गोऱ्यांसाठी राखलेल्या बाकावर बसली, वर पोलिसाला मारलं, असा तुमचा आरोप. मार तिनंच खाल्ला, आणि ते पाहणारी मी एकटी.

ती म्हणते, "आजी, हाकेवरून अडू नकोस, नाहीतर मी तुरुंगात जाईन."

मी विचारलं, "पोलिसानं ऊठ म्हटल्यावर तू बाकावरून उठलीस का गं?"

पोस्टमास्तर तुमचा मेहुणा, पत्र मध्येच गायब करेल, म्हणून हे टपालात टाकत नाही. सोमवारी तोंडानंच सांगेन. उत्तर कारकुनानं नाही, तुम्हीच द्यायचं, सगळ्यांना ऐकू येईल असं.

मिसेस लुव्हिनिया टेट