समोरची गॅलरी

७ सप्टेंबर, रविवार
सोसायटीची मीटिंग झाली. खाली, पार्किंगमध्ये. ज्यांच्यासाठी होती ते सगळे वर! मी तिसऱ्या मजल्यावरून, गॅलरीच्या जाळीला टेकून ऐकत होते. सेक्रेटरी इंद्रजीतनं माझा अर्ज वाचला — माझ्याच बालवाडीत अक्षरं गिरवलेला पोरगा, तीनदा अडखळला. जिन्याला दोन्हीकडून धरायला दांडा, मध्ये टेकायला एक बाक, जमलं तर लिफ्ट. एवढंच मागितलं होतं.
"बघू," म्हणाला. दोन वर्षांतलं हे चौथं "बघू".

९ सप्टेंबर
सरूबाई समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मध्ये जेमतेम पंधरा पावलं. गुडघे गेल्यापासून तीही अडकली, मीही. रोज सकाळी दोघी आपापल्या गॅलरीतून ओरडून बोलतो. आज ती म्हणाली, "बाई, तुमचं बोलणं आता ऐकूच येत नाय वो!" कान चाललेत तिचे. मग नुसते हातवारे.
दोन वर्षांत तिच्या हाताला हात लागलेला नाही. एकदा तिच्याजवळ जाऊन बसायचंय. दुसरं काही नको!

२१ सप्टेंबर
गेटजवळ वाळू पडली. सिमेंटही आलं. काळीज सुपाएवढं झालं.

२६ सप्टेंबर
रॅम्प झाला! गेटपासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत. पुढं बावन्न पायऱ्या तशाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! माझा धम्मपाल चितेगावच्या कंपनीतून दमून आला होता. त्याला विचारलं, हा उतार कुणासाठी रे? "मोटारसायकली चढतात ना आई," म्हणाला आणि जेवायला बसला.

१ ऑक्टोबर
ज्येष्ठ नागरिक दिन. रॅम्पच्या उद्घाटनाला ज्येष्ठ नागरिक पाहिजे. मला उतरता येत नाही म्हटल्यावर — फीतच वर आणली! एक टोक इंद्रजीतच्या हातात, दुसरं माझ्या दाराच्या कडीला. कापली. टाळ्या. फोटो.
म्हटलं, "अरे, चौघं आलाच आहात, तर मला खुर्चीत बसवून सरूबाईकडं नेता का?"
"बाई, आज लई घाई आहे. पाहुणे थांबलेत खाली."
गेले. फीत उंबऱ्यातच पडली होती. झाडून टाकली.

३ ऑक्टोबर
नवा अर्ज. थेट वॉर्ड ऑफिसला. या वेळी मोघम काही नाही — सरूबाईचं नाव, वय, ती दोनदा न्हाणीत पडली ते, सगळं लिहिलं. धम्मपालनं सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला.

६ ऑक्टोबर
चूक झाली. फार मोठी चूक झाली माझ्याकडून.
सरूबाईचा मुलगा बद्रीनाथ आला होता. चपलाही काढल्या नाहीत. "आम्ही आईला सांभाळत नाय, असं साऱ्या सोसायटीला सांगितलं तुम्ही, बाई." म्हटलं, जिन्याबद्दल लिहिलंय रे, तुझ्याबद्दल नाही. ऐकतो कशाला! शनिवारी तिला पैठणजवळच्या गावी, धाकट्या भावाकडं पोचवणार. कायमची. तिथं बैठं घर आहे म्हणे.
बैठं घर! त्याचंही खोटं नाही. मग रडायलाही तोंड राहिलं नाही मला.

८ ऑक्टोबर
समोरच्या गॅलरीचं दार बंद.

९ ऑक्टोबर
आजही बंद. आयुष्यभर पोरांना लिहायला शिकवलं. माझ्या लिहिण्यानं एक मैत्रीण होती तीही गेली. आता अर्ज पुरे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
दुपारी दार वाजलं. सरूबाई! घामाघूम, लुगडं मागून धुळीनं माखलेलं. बद्रीनाथ ड्यूटीवर गेल्यावर निघाली. तिचा जिना बसून-बसून उतरली, माझा बसून-बसून चढली, लहान लेकरासारखी, एकेक पायरी. दीड तास लागला.
"लोक हसले वो, बाई. हसू द्या."
दोन तास माझा हात धरून होती. मग तशीच परत गेली.
मला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण बालवाडीची बाई चारचौघांत ढुंगण घासत उतरणार? लाज वाटली. म्हणून दोन वर्षं अर्ज लिहीत राहिले.
उद्या दहाला तिची गाडी सुटणार. मी सातलाच जिन्यात बसणार आहे.