टीकप नावाची जात नसते

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिन्नी जिन्यातच आडवी झाली!

दुपारी लेख पाठवून जरा पडणार होते, तेवढ्यात बेल. समोरच्या नागव्वाक्का पायरीवर बसलेल्या, मांडीवर कुत्री – मान लुळी, डोळे वर गेलेले, पाय ताठ. "ताई, बघा की हिला काय झालंय!" यजमान, अण्णाराव, गेले त्या दिवशीही अक्कांचा आवाज असा झाला नव्हता.

रिक्षावाले गौसभाई कोपऱ्यावरच होते. "इत्तासा तो जीव हई अक्का, घाबरो नक्को," म्हणत त्यांनी रिक्षा जी काढली, तिला सात रस्त्यापर्यंत ब्रेक लावला नाही.

तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉ. हुस्नांनी आधी बोटावर मध घेऊन तिच्या हिरड्यांना चोळला, मग सलाईन लावलं. बऱ्याच वेळानं चिन्नीनं डोळे उघडले आणि अक्कांचा पदर चाटला. रक्तातली साखर पार तळाला गेली होती म्हणे. डॉक्टरांनी तिच्या फासळ्यांवरून हात फिरवला. "हिला खायला काय देता?"

"सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे."

"चमचे?"

"टीकप हाय की ती! जास्त दिलं तर वाढती. विकणाऱ्यानंच सांगितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुत्री मीच विकली होती.

ही चिन्नी म्हणजे यॉर्कशायर टेरियर. लांब केसांची, मूठभर. अक्कांचा मुलगा सिद्धेश्वर बंगळुरात असतो. आई एकटी पडली म्हणून त्यानं दिवाळीत घेऊन दिली. चहाच्या कपात मावणारी म्हणून टीकप! कपात मावावी म्हणून जिवाला उपाशी ठेवायचं! आणि अक्कांसारखी बाई, जिच्या घरून कुणी न जेवता परत जात नाही, ती हे करते!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिन्नी बरी आहे. विचारलं तर अक्का म्हणाल्या, "चमचा जरा मोठा केलाय." बघितला. तोच चमचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

विकणाऱ्याला गाठला. अमरेश नाव. जुळे सोलापुरात बंगला, फाटकावर बो बांधलेल्या कुत्र्याचं चित्र. रविवारच्या पुरवणीसाठी लिहायचंय म्हटल्यावर थंड सरबत आलं.

भिंतीवर रंगीत तक्ता. स्टॅण्डर्ड, टॉय, टीकप, मायक्रो टीकप, पॉकेट. खाली रंग – ब्लू-टॅन, चॉकलेट, गोल्डन, पांढऱ्या ठिपक्यांची ती पार्टी. जितकं लहान आणि जितकं वेगळं, तितका भाव वर.

"या सगळ्यांचे आईबाप वेगळे?" मी विचारलं.

"आईबाप तेच असत्यात मॅडम. पिल्लं येगळी निघत्यात."

"म्हणजे एकाच वेताची?"

"आता बघा," तो खुर्ची पुढं ओढून बसला, "तुमी चादर घ्याला जाता. दुकानदार सिंगल, डबल, जकार्ड दाखवतो का न्हाय? सूत तर एकच की! गिऱ्हाइकाला नाव लागतंय. नावाबिगर घेतंय कोण?"

सोलापुरात बसून मला चादरीचा दाखला! हसू आलं, ते गिळलं.

एक काळं पिल्लू त्यानं हातावर आणलं. ब्लॅक अँड टॅन, फार दुर्मिळ, नाशिकच्या गिऱ्हाइकानं ठरवून ठेवलंय वगैरे. पिल्लू डोळेसुद्धा धड उघडत नव्हतं. आईपासून कधी तोडलं विचारलं, तर म्हणाला, "लहान असतानाच गिऱ्हाइकाला माया लागती."

मागच्या बाजूला जाळीत मोठ्या माद्या. केस कातरलेले, पोटं लोंबलेली. एक नुसती एका जागी गोल फिरत होती. "ह्या मोठ्या निघाल्या. ह्यांना ब्रीडिंगला ठिवतो," अमरेश म्हणाला. भाजीवाला बाजूला काढलेल्या वांग्यांबद्दल बोलतो तसा.

सरबत तसंच ठेवून उठले. अठ्ठावीस वर्षं या शहरात लिहितेय – पाण्याच्या टँकरवाल्यांशी बोलले, बिल्डरांशी बोलले, आवाज चढवला नाही. आज फाटक आपटलं!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉ. हुस्नांकडे तासभर बसले. दवाखान्यात मांजरांची रांग होती, तरी त्यांनी सगळं नीट सांगितलं.

यॉर्कशायर टेरियर, म्हणजे यॉर्की, ही जात एकच. पूर्ण वाढलेलं कुत्रं साधारण तीन किलोच्या आसपास. काही लहान राहतात, काही जरा मोठे होतात, एकाच घरातल्या भावंडांसारखे. टीकप, मायक्रो, पॉकेट ही सगळी विकणाऱ्यांनी पाडलेली नावं. वेतातली सगळ्यात अशक्त पिल्लं वेगळी काढायची, त्यांचीच एकमेकांशी जोडी लावायची. मग टाळू भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनळी चिमटते, साखर उतरते. आणि ज्यांना तेही जमत नाही ते अर्धवट वयाचं पिल्लू विकतात आणि सांगतात, चमच्यानं खायला घाला.

रंगाचं विचारलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "अहो ताई, काळी तर सगळीच जन्मतात! पुढं वर्ष-दीड वर्षात पाठ पोलादी निळी होते. दुर्मिळ कसली? आणि ठिपकेवालं, चॉकलेटी पिल्लू निघतं अधूनमधून. पूर्वी त्याला कुणी विचारत नव्हतं. आता त्याचेच जास्त घेतात."

"आणि चिन्नी?"

त्यांचं हसू गेलं. "हाडापेरानं अडीच-तीन किलोची आहे ती. पावणेदोनवर अडवून ठेवलीय. अजून एकदा अशी पडली तर मी जबाबदारी घेणार नाही."

संध्याकाळी एका बैठकीत लिहून काढलं. आधी विक्रेत्याचा पूर्ण तक्ता, त्याच्याच शब्दांत. मग एकेक नाव घेऊन ते कसं खोटं, डॉक्टरांच्या नावानिशी. बऱ्याच दिवसांनी वाटलं, या लेखानं कुणाचं तरी काही होईल. रविवारी अक्कांच्या हातात ठेवीन. माझं त्या ऐकत नाहीत, पण छापलेलं वाचतात – चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पान गेलं. पुरवणीचं पान लावणारा बिरदेव म्हणाला, "ताई, पान भारी झालंय!" प्रूफ बघायला थांबले नाही, दात दुखत होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

पुरवणी उघडली.

मथळा – "तुमच्यासाठी कोणता यॉर्की?" त्याखाली माझं नाव. त्याखाली मोठी रंगीत चौकट – "यॉर्कीचे प्रकार". स्टॅण्डर्ड, टॉय, टीकप, मायक्रो टीकप, पॉकेट. वजनांसकट! रंगांसकट! अमरेशचा अख्खा तक्ता, जो मी फाडायला म्हणून मांडला होता! पुढचं सगळं – डॉक्टर, टाळू, साखर, काळी पिल्लं – गायब. आणि बरोबर खाली पाव पान जाहिरात. कुणाची ते लिहायलाच नको.

पेपर चुरगाळला, परत उलगडला. तेवढ्यात अक्का आल्या. चष्मा, हातात पुरवणी, बोट चौकटीवर. चेहरा कधी नव्हे तो फुललेला.

"ताई, उगंच वरडत होता व्हय मला? हितं तुमीच लिव्हलंय की. टीकप – दोन किलोच्या आत!"

"अक्का, ते मी तसं लिहिलेलं नाही."

"तुमचं नाव हाय की वर."

छापलेल्यावर विश्वास ठेवायला मीच त्यांना शिकवलंय. दर वेळी व्हॉट्सॲपवरचं काही दाखवायला आल्या की म्हणायचे, पेपरात येईल ते खरं माना. घ्या!

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात जाऊन बिरदेवसमोर पान टाकलं. बिचारा उभाच राहिला.

"जाहिरात ऐन वेळी आली ताई. जागाच उरली न्हाय. खालून कापलं."

"खालून? वाचून नाही?"

"बातमी खालूनच कापत्यात की. तुमीच शिकवलंय मला – महत्त्वाचं वर."

बातमी! लेख खालून कापायचा नसतो, लेखाचा जीव शेवटी असतो, हेही मीच शिकवलं होतं. ते लक्षात राहिलं नाही. "आणि चौकट कुणाची कल्पना?" "चौकट भारी दिसत होती ताई…" त्याला पुढं रागवता आलं नाही. त्याचा दोष कमी. जाहिरात विभागातल्या साहेबांकडे गेले. त्यांनी पेढा पुढं केला. अमरेशनं पाठवलेला! जाहिरात आल्यापासून बारा फोन आले म्हणे त्याला. "ताई, किती दिवसांनी पुरवणीला रिस्पॉन्स आला, आणि तुम्ही चिडताय?"

पेढा खाल्ला नाही. खुलासा छापा म्हणून लेखी दिलं. आवाज चढला. सगळा मजला बघत होता. बघू दे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. अक्कांचा उपवास. सकाळी सिद्धेश्वर मंदिरात जाऊन आल्या, मला साबुदाण्याची खिचडी पाठवली – वाटी भरून, वर दाण्यांचा कूट. चिन्नी त्या वाटीमागं माझ्या दारापर्यंत आली, आणि तिथंच बसली. अक्कांचा उपवास वर्षातून एकदा. तिचा रोज.

दाराआड भातावर अंडं कालवून दिलं. ताटली चाटूनपुसून साफ केली. चोरून खाऊ घालायची वेळ आलीय, माझ्याच नावाच्या लेखामुळं!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

परत झटका. या वेळी सकाळी. मध माझ्याकडे ठेवलेला होता म्हणून वाचली. डॉ. हुस्ना फोनवरच ओरडल्या. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या. मी बोलले. नको इतकं बोलले. "तुम्हाला शोभेची बाहुली हवीय का हो? मरेल ती!" अक्कांनी फक्त चिन्नीचे कान पुसले.

त्यांना समजावून उपयोग नाही. सिद्धेश्वरचा नंबर काढला आणि सगळं सांगितलं – आई हिला उपाशी ठेवतेय, टीकप बिकप काही नसतं, ही हाडानं तीन किलोची आहे, तुला फसवून विकलीय, पेपरातलं वाचू नकोस. शांत मुलगा आहे, मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं झालं काकू सांगितलंत. मी बघतो त्याच्याकडे. फसवणूक म्हणजे काय चेष्टा आहे का!"

चला, कुणीतरी चिडलं! हलकं वाटलं.

२ मार्च, रविवार

खुलासा आला. आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, दोन ओळी. "गेल्या रविवारच्या लेखातील काही मजकूर जागेअभावी प्रसिद्ध होऊ शकला नाही." बस्स. कोणता मजकूर, काय खोटं, काही नाही! अक्कांना दाखवायला गेले. दार उघडलंच नाही त्यांनी. आतून चिन्नी भुंकत होती.

३ मार्च, सोमवार

सकाळी अक्का दारात. एका हातात पिशवी, दुसऱ्यात चिन्नी.

"सिद्धूला फोन तुमी केला व्हय?"

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घेतानाच अमरेशशी बोली होती म्हणे – वर्षाच्या आत दोन किलोच्या वर गेली, की परत न्यायची आणि दुसरी लहान द्यायची. सिद्धेश्वरनं हौसेनं ठरवून घेतलेली. "वाढली असती तर नेली असती की ताई. म्हणून चमच्यानं देत हुते." आता माझं ऐकून त्यानं अमरेशला ठणकावलंय, ही खोटी आहे, बदलून दे. "ताटली हाय का ओ ही, बदलायला?"

चिन्नीला घेऊन माहेरी, मैंदर्गीच्या एसटीला गेल्या.

अकराला अमरेशचा माणूस जाळीची पेटी घेऊन आला. अक्कांच्या दाराला कुलूप बघून माझी बेल वाजवली. कुत्री कुठाय?

"मेली ती," मी सांगितलं. "गुरुवारीच."