पाटीवरची ताकद

बाबा, गेल्या महिन्यात एका विक्रेत्याशी फोनवर बोलले आणि तुमचा आवाज ऐकल्यासारखं झालं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. आठवणीनं मन भरून यावं की नाही? मला किळस आली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर मी मागच्या पडवीत लाकडावर नक्षी कोरणारं एक छोटं यंत्र जोडायला घेतलंय. निव्वळ हौस. सांगाडा उभा राहिला, अडलं ते कोरणी फिरवणाऱ्या मोटरपाशी. कोरणी पेन्सिलीच्या टोकाएवढी. ती मिनिटाला वीस-चोवीस हजार फेरे फिरली तरच फणसाचं लाकूड स्वच्छ कापते, नाहीतर धागे उपसत बसते. सुतारांच्या हातयंत्राची मोटर घ्यावी तर ती किंचाळते, शेजारच्या वहिनींची दुपारची झोप गेलीच. पंख्यानं थंड होणारी घ्यावी तर पडवीभर भुसा उडवते. शेवटी पाण्यानं थंड होणारी, दोन किलोवॅटच्या वरची, अशी ठरवली. तीन महिने वाचत होते, विचारत होते. एवढी चौकशी मी स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केली नव्हती.

खोका उघडला आणि मोटर उचलल्या उचलल्या हाताला कळलं. एवढ्या ताकदीची मोटर इतकी हलकी असूच शकत नाही. तरी चालवली. रिकामी छान फिरली. लाकडात टोक गेलं मात्र, वेग पडला, फणसाचा पिवळा भुसा निघायच्या जागी धूर निघाला. मीटर लावून पाहिलं; मोटरच्या पाटीवर लिहिलंय त्याच्या निम्मीही ताकद नव्हती. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, तो आकडा कमाल ताकदीचा असतो."

"किती वेळ टिकते ही कमाल?"

"अहो मॅडम, सगळे असंच लिहितात. आम्ही खरं लिहिलं तर आमचा माल घेईल कोण?" आणि हसला. लाज नाही, राग नाही, नुसता हसला.

तुम्हीही असेच हसायचात. जळालेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचं आपलं दुकान, घराच्या पुढच्याच खोलीत. वार्निशचा वास आमटीलासुद्धा लागायचा. मी सोळा वर्षांची आहे. एक व्यापारी तुमच्याकडे तीन हॉर्सपॉवरचे जुने पंप आणून टाकतो, तुम्ही ते भरता, रंगवता, आणि पत्र्याच्या नव्या पाट्या माझ्यापुढे ठेवता. माझं अक्षर चांगलं, हात स्थिर, म्हणून आकड्यांचे ठसे ठोकायचं काम माझं. "पाच ठोक," तुम्ही म्हणता. मी म्हणते, "पण बाबा, हा तीनचा आहे." "तू शाळेत शीक गो, इथं नको शिकवू. सगळे असंच लिहितात." मी पाच ठोकते. आकडा अगदी सरळ येतो.

त्याच वर्षी वैशाखात पावस गावचे एक बागायतदार त्यातलाच एक पंप जळालेला घेऊन आले. विहीर खोल, पंपाला ते ओझं झेपलं नव्हतं. आंब्याची नवी कलमं पाण्यावाचून वाळून गेली होती. ते तुमच्याशी भांडले नाहीत. खालमानेनं म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल, नाय काय?" आणि तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी असतं हो." मी त्यांना चहा दिला. पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि तुम्ही गेलात तेव्हा रडले ती आईकडे बघून.

आता ऐका. मंडणगडकडचा एक सुतार माझं यंत्र पाहायला आला. त्याला एका देवळाच्या दारावरच्या नक्षीचं काम मिळालं होतं, आजवरचं सगळ्यात मोठं, आणि त्यासाठी तोही असंच यंत्र जोडत होता. मी तोवर दुसरी मोटर मागवली होती, नीट पारखून. पहिली कोपऱ्यात पडली होती. त्यानं विचारलं, "ताई, ही देणार काय? ताकद किती हिची?"

मी म्हटलं, "लिहिलंय ना त्यावर."

खोटं बोलले नाही बघा. त्यानं पाटीवरून अंगठा फिरवून आकडा वाचला, पैसे दिले. मी घेतले. मोटर टॉवेलात गुंडाळून, मूल उचलावं तशी उचलून तो एसटीला गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आठवड्यानं मी त्याला फोन केला. म्हटलं, "त्या मोटरला लिहिलीय तेवढी ताकद नाही. मला माहीत होतं."

तो म्हणाला, "चार दिवस मी माझीच जोडणी उसकटतोय, ताई. बायकोला म्हटलंसुद्धा, हे काम आपल्याला जमायचं नाय, सोडून देतो."

दुसऱ्या दिवशी तो आला. मोटर पायरीवर ठेवली, पैसे परत घेतले. चहा नको म्हणाला. मी यंत्रावर बसवलेली माझी नवी मोटर दाखवली, म्हटलं ही न्या, मी तपासलीय. तो म्हणाला, "चालवून दाखवा." मी चालवली. "असं नाय. लाकडात." आपल्या पिशवीतून सागाचा तुकडा काढून त्यानं स्वतःच्या हातानं लावला, मी उभी राहिले परीक्षेला बसल्यासारखी. नक्षी स्वच्छ उतरली. मोटर सोडवून घेऊन तो निघाला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही त्यानं. माझं यंत्र पुन्हा मोटरीवाचून पडवीत उभं आहे आणि मला तिकडे जावंसं वाटत नाही.

तुमच्यावर ओकायला बसले होते, बाबा, आणि चार पानं भरली. ही कुणाला दाखवायची नाहीत, फाडूनच टाकणार आहे. त्याआधी एक दुरुस्ती करते. मी त्याला फोन केला, असं वर लिहिलंय. फोन त्याचा आला होता. दोनदा नाव बघून मी वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.