रोगी झोपले आहेत

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, १८ ऑक्टोबर १९७४

ती. सिद्रामण्णा यांस शरणप्पाचा शरणु शरणार्थ. बार्शीत सर्व मंडळी सुखरूप असतील आणि वहिनींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडचे खुशाल म्हणावे की नाही, ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा. मी पुरता हादरलो आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला वजन करायला बाहेर पाठवले आणि तुमच्या बहिणीला आत थांबवून घेतले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चन्नम्मा बाहेर आली ती पदर सावरत. म्हणाली, घशात उष्णतेची गाठ आहे, किरणांचा शेक घ्यायचा, आणि औषधाइतकीच झोप महत्त्वाची. शेकाने थकलेले अंग झोपेतच सावरते. (एकतीस वर्षे कारकुनी केली. झोपेबद्दल मेमो मिळाले होते, सल्ला प्रथमच.) पहिले शेक संपवून आम्ही घरी आलो, पुढचे दिवाळीनंतर.

तेव्हापासून घरात माझ्या झोपेची मोहीम सुरू आहे. चन्नम्माने दुपारी शेजारचा माग बंद करवला, घड्याळाचा लंबक थांबवला आणि पेंटरकडून दारावर पाटी रंगवून घेतली: 'रोगी झोपले आहेत. शांतता राखा.' समाचाराला येणारा प्रत्येक जण ती पाटी मोठ्याने वाचतो. त्याला गप्प करायला चन्नम्मा आतून 'सुम्निर्री!' म्हणून ओरडते, ते गल्लीच्या टोकाला ऐकू जाते. आमचे घरमालक संगप्पा यांनी तर परवा माझा खांदा गदागदा हलवून मला उठवले आणि विचारले, "झोप लागती न्हवं बरी?"

शेवटी मी नुसते डोळे मिटून पडू लागलो. ते पाहून चन्नम्माचा चेहरा इतका निवळला, की मी अधूनमधून घोरूही लागलो. तिथेच घात झाला. डोळे मिटले की माणसाचे कानही मिटतात, अशी लोकांची समजूत दिसते. शेजारच्या गिरिजाबाई माझ्या उशाशी चहा पीत म्हणाल्या, "माणूस लई चांगला होता." होता! मग संगप्पांनी विचारले, "सायकल आता पडूनच ऱ्हानार की?" माझ्या सायकलचा धक्का पचवतो आहे तोच ते पुढे म्हणाले, "क्यान्सर म्हंजे काय साधं हाय व्हय?"

अण्णा, माझ्या रोगाचे नाव मला असे कळले. उठून बसावे तर सोंग उघडे पडते, म्हणून घोरत राहिलो. भीतीने घोरणारा जगात मी पहिलाच असेन.

याहून मोठा धक्का मंगळवारी दुपारी बसला. सगळे गेल्यावर चन्नम्मा माझ्या पायाशी बसली आणि मी झोपलो आहे असे समजून हळूहळू बोलू लागली. मिरजेहून आल्यापासून तिचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. माझा श्वास चालू आहे ना, ते बघत बसते. गाठ साधी नाही, पण मला खरे सांगितले तर माझी झोप उडेल, म्हणून तोंड मिटून आहे. मला भडभडून आले. कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. म्हणजे बघा, तिला बरे वाटावे म्हणून मी झोपेचे सोंग करतो, आणि मला झोप लागावी म्हणून ती जागी! डॉक्टरांनी पुढच्या वेळी आम्हा दोघांचेही वजन केले, तर दोघांचीही चोरी पकडली जाणार.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शरणप्पा

ता. क. रविवारी याच. तिला सांगा की मला सगळे कळले आहे. मला तिच्यासमोर ते म्हणवत नाही. तिला एकदा झोप लागू दे, माझे मग पाहू.

आणखी ता. क. सायकल मी कुणाला देणार नाही.

अण्णा, मी चन्ना लिवतीया. पत्र लिवता लिवता ह्यांचा डोळा लागला, कागद छातीवरच हुता. वाचला. ह्यांचं खोटं घोरणं एका चालीत असतंय. खऱ्या घोरण्याला शेवटी शिट्टी असती. अठ्ठावीस वर्सं ऐकतीया मी. मंगळवारी ह्ये जागं हुते, मला ठावं हुतं. तोंडावर सांगवंना, म्हणून तसं सांगितलं. आता शिट्टी वाजायलीय. रविवारी येऊ नगा, पुढल्या आठवड्यात या. दाराला कडी घातलीया. मीबी हितंच पडते.