रोवण्यातली माझी जागा

माय,

तुले आन बाबाले पुण्याहून दीपमालाचा जयभीम. मी बरी आहो. मेसचा भात मोकळा रायते, आपल्या धानाची चव नाही त्याले.

कॉलेजच्या पोरींच्या खो-खो संघात माझं नाव आलं होतं. मंग काही जणी म्हणाल्या, हे आधी पोरगं होतं, पोरींत कायले? सर म्हणाले, वर विचारतो, तोवर बाहेर बस. माझ्यामुळं रुपाची जागा गेली होती, लय रडली ते. तिचंबी खोटं नाही. पण मले कोणी काहीच विचारलं नाही, याचा राग येते.

बसल्या बसल्या आसगावचा धानाचा रोवणा आठवते. बाया ओळीनं वाकून चिखलात पऱ्हे, धानाची रोपं लावत, गडी बांधावरून त्याच्या जुड्या फेकत. मी बांध सोडून बायांत शिरली, तवा बाबा केवढे ओरडले! तू मान वर केली नाही. बाजूले सरकली आन म्हणली, "लाव, मागं नको राहू."

बाबा मले अजून अश्विनच म्हणते का? पंचफुला मावशीची कंबर कशी आहे?

इथलं काहीबी ठरो, रोवण्याले मी येऊन राहिली. थोडी सरकजो.

तुझी पोरगी,
दीपमाला