बहुमताने बंद केलेलं पाणी

३ तारीख

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू मुलांची डॉक्टर, म्हणून कळवतो. आमची पिटुकली सहा वर्षांची घोडी झाली, तरी हल्ली अंथरूण ओलं करते आणि दिवसभर घटाघटा पाणी पिते. बाबा निवृत्त झाल्यापासून पडदे कुठले लावायचे तेही घरात सभा घेऊन ठरवतात, मग हा विषय सुटतो होय? काका म्हणाले जंत, मी म्हणालो उन्हाळा, आत्या म्हणाली लाड. आत्या जिंकली. संध्याकाळनंतर पाणी बंद, पिंपाला कुलूप. तुझी भावजय एकटीच विरोधात होती.

काल पिटुकली फुलदाणीतलं पाणी प्यायली. बाबांनी तिला समज दिली. तिचे फ्रॉकही ढगळ व्हायला लागलेत. शिंपी बदलायचा विषय पुढच्या सभेत आहे.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
तुझा,
धाकटा

५ तारीख

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., पण ते नंतर.

टेलिफोन तुम्ही ठराव करून काढून टाकलात, म्हणून हे पत्र बसच्या चालकाहाती. आधी कुलूप काढ. पोर हट्टाने पीत नाहीये, अंग मागतंय म्हणून पितेय. सारखी तहान, सारखी लघवी, वजन उतरणं. अरे, मधुमेह लहान मुलांनाही होतो, आणि तो थांबून राहत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली की जिवावर बेततं. पत्र हातातून ठेवायच्या आत तिला इस्पितळात ने, रक्तातली साखर बघा. शिंप्याचा काही दोष नाही. सभा घेतलीत तर माझ्याशी गाठ आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

८ तारीख

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. काकांनी हरकत घेतली, की आपल्या घराण्यात साखर साठीनंतर येते, बाबांचीही तशीच आली, ही मुलगी रांग मोडून पुढे कशी आली? त्यावर आत्या बोलली, मग पुन्हा काका. मतं मोजायला गेलो तर विरोधी मतच सापडेना. तुझी भावजय पिटुकलीला कडेवर घेऊन केव्हाच निघून गेली होती.

मी अनवाणी इस्पितळात धावलो. पोरीला धाप लागलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर हाती लागली नसती. सलाईन, इन्सुलिन. आज डोळे नीट उघडले आणि मला हळूच सांगितलं, की इथे पाणी मागितलं की देतात. ताई, मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

जमलं तर पूर्वीइतकाच लोभ ठेव.
धाकटा

२० तारीख

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पिटुकली घरी आली. इन्सुलिन आता जन्माचं. दुपारची सुई मी टोचायची असं कामावर जाता जाता सूनबाईने सांगितलं. मी चर्चा केली नाही. साखर फार उतरली तर घाम फुटतो, हात थरथरतात, तेव्हा लगेच गोड पाजायचं, हेही तिने आम्हा दोघांकडून, आजोबा आणि नात, घोकून घेतलं.

पहिल्याच दुपारी सुई हातात घेतली आणि मला दरदरून घाम फुटला, हात लटलटायला लागले. पिटुकलीने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आजोबा, तुमची साखर उतरलीय म्हणाली, आणि पेला भरून साखरेचं पाणी आणलं. माझा मधुमेह तुला ठाऊकच आहे. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. मग तिने फ्रॉकची बाही वर केली.

आमच्यावर नजर असू दे.
तुझे,
बाबा