त्या वासात कोणी जायचं नाय

आण्णा, तुमची पणती त्याच वासात काम करते. आधीच सांगून टाकतो, घोळ नको.

माझ्या पोराची पोरगी ती. शिकून शिकून डॉक्टर होणार हाय, सुया टोचणारी नाय, संशोधनवाली. दिवाळीच्या आधी एकदा लॅबमधून आली, बॅग माझ्या खाटेवर टाकली, तिचा वास नाकात गेला आणि मला एकदम आपली घणसोलीची खोली आठवली. तुमी दिवसपाळी करून आलाय, मोरीत बसून लिंबाची साल हाताला घासताय. नखं हिरवीकाळी, ओठ जांभळट. आई स्टोव्हपासून म्हणते, "आधी गूळपाणी घ्या." जेवायला तुमी चमचा घेता, कारण हाताने जेवलं की घासाला कंपनीचा वास लागतो. आख्ख्या गावठाणात चमच्याने जेवणारा एकटा माणूस तुमी. शेजारचे म्हणायचे, "सायब जेवायला बसले."

तुमची रंगाची कंपनी हातमोजे द्यायची, पण सगळ्यांना एकाच मापाचे. तुमचे हात बारीक. मोज्यात फावड्याचा दांडा फिरायचा, म्हणून काढून ठेवायचात आणि उघड्या हाताने टाकीच्या बुडाचा लगदा खरवडायचात. मी सातवीला शाळा सोडली, थोडे दिवस उनाडलो, मग तुमच्या फोरमनला गाठून नोकरी पक्की केली आणि मोठ्या तोऱ्यात गेटवर जाऊन उभा राहिलो. तुमी आतून आलात आणि वॉचमनसमोर कानाखाली दिलीत. त्याआधी कधी हात उचलला नव्हता. "माझ्या मागं या वासात आपल्यातलं कोणी जायचं नाय. म्हण." मी म्हटलं. पुढं हॉस्पिटलात, बोलताना दम लागत होता तुमाला, तरी परत म्हणायला लावलंत. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली. पांढरा झालो, हिरवा नाय.

म्हणून पोरीला विचारलं, "काय गं, रंगाच्या कंपनीत जातेस काय?"

"नाय आबा, लॅबमध्येच. प्लास्टिक बनवते, करंट जाणारं."

"प्लास्टिकमधून करंट जातो? मग वायरीवर काय शोभेला चढवतात?"

"ते प्लास्टिक वेगळं. हे आमी अॅनिलीनपासून करतो."

अॅनिलीन. तुमच्या टाकीतलं तेच, तुमी अनलीन म्हणायचात.

पोराला म्हटलं, काढ तिला तिकडून. तो म्हणाला, "एवढी वर्षं घातलीत तिने त्यात. तुमीच सांगा, माझं कोण ऐकतंय." मग एका शनिवारी मीच गेलो. तिला घेऊनच यायचं, असं ठरवून गेलो.

तिथं एक काचेचं कपाट हाय, आतली हवा वर ओढून घेणारं. त्यात बर्फावर चंबू ठेवलेला. ती खालून हात घालून थेंब थेंब काय ते सोडत होती. पाण्यासारखं होतं ते, निळं पडलं, मग हिरवं. तुमच्या नखांचा हिरवा, आण्णा, दुसरा नाय. बस झालं, चल घरी, असं तोंडात आलं होतं. पण आधी म्हटलं, "हात दाखव."

"आबा, आता बाहेर नाय काढता येत."

"काढू नको. मोजा दाखव."

तिने बोटं हलवली. टोकाला कुठं सुरकुती नाय, ढिलं नाय, कातडीसारखा बसलेला.

"स्मॉल हाय," ती म्हणाली. "मिडियमच यायचे सगळ्यांना. मी भांडून मागवून घेतले. सर म्हणाले, हिचे नखरे किती."

मी जरा स्टुलावर टेकलो. विचारलं, एवढं करून होणार काय? म्हणाली, याची पट्टी करायची. कोल्ड स्टोरेजला, कंपन्यांत लावायची. अमोनिया जरा जरी सुटला की पट्टीतला करंट कमी होतो आणि घंटी वाजते. माणसाच्या नाकाला कळायच्या आधी.

"वाजते?"

"वाजते. पण हवा दमट असली तरी वाजते, उगाच."

"मग आपल्याकडं रोजच वाजणार की."

"तेच तर सोडवतेय आबा."

चल म्हणालो नाय. डबा नेला होता तो दिला आणि निघालो. निघताना तिने हिरव्या पट्टीचा वाळलेला तुकडा पुडीत बांधून दिला. सेल आणि बारका बल्ब पण दिला, घरी जोडून बघा म्हणाली. जोडला. लागला, मिणमिणता.

तुमचा शब्द मोडला तो मोडला. माफीबिफी मागत नाय. मोजा मापाचा हाय, एवढं बघून आलोय. हा कागद कुठं धाडायचा नाय, गिरणीच्या खणात पडून राहील. पोरीला मात्र सांगितलं की घरी आल्या आल्या बल्ब लावला. तसं नाय झालं. आधी दार लोटून घेतलं, पुडी सोडली आणि पट्टी नाकाला लावली. काही वास नाय. परत लावली.